हप्ता थांबवण्याआधी एकदा घरी या

प्रति,
मा. मुख्यमंत्री, गोवा राज्य
मा. संचालक, महिला व बालविकास खाते
मा. संचालक, समाजकल्याण खाते

सप्रेम नमस्कार.

विवाहित बायकांना दरमहा मदत देणारी गृह आधार आणि ज्येष्ठ, विधवा अशांना दरमहा मदत देणारी दयानंद सामाजिक सुरक्षा योजना, या दोन्हींतले अपात्र लाभार्थी हुडकून काढायला आपण निघालात, त्याला आमची हरकत नाही. फ्लॅट भाड्याने देऊन वर गृह आधारचे पैसे उचलणाऱ्यांची बाजू घ्यायला आम्ही बसलेलो नाही. आमचा आक्षेप चाळणीच्या भोकांवर आहे. ज्याचे कागद पुरे तो वर राहतो, ज्याचे अपुरे तो खाली पडतो. आणि कागद अपुरे असतात ते बहुतेक वेळा माणूस लबाड असतो म्हणून नव्हे, गरीब असतो म्हणून. पडताळणीच्या फेरीनंतर दुसरी कमाईच नसलेल्या घरांचेही हप्ते बंद पडतात, आणि का बंद पडले हे त्यांना कोणी सांगत नाही.

आम्ही वाड्यावाड्यांवर लोकांचे अर्ज भरून देणारी माणसं आहोत. उत्पन्नाचा दाखला, पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला, हयातीचा दाखला, पासबुकाचं पहिलं पान, हेच कागद रोज हाताखालून जातात. त्यामुळे पैसा नेमका कुठे अडकतो ते दिसत राहतं. ते इथे उघड लिहितो आहोत, कारण अडलेली जागा माहीत असली तर लोकांचे निम्मे हेलपाटे वाचतात. उरलेले निम्मे फक्त आपणच वाचवू शकता.

आधी आकाराचं बोलू. नीती आयोगाच्या २०२३ च्या बहुआयामी गरिबी अहवालात गोव्याचा आकडा ०.८४ टक्के आहे, राज्यांमध्ये केरळच्या (०.५५) खालोखाल सर्वात कमी. २०११ च्या जनगणनेची १४.५८ लाख लोकसंख्या धरली तर ही झाली सुमारे बारा हजार माणसं, म्हणजे अडीच-तीन हजार घरं. राज्यात १९१ ग्रामपंचायती आणि पणजी महापालिका धरून १४ पालिका. भागाकार करा, एकेका पंचायतीच्या किंवा पालिकेच्या वाट्याला तेरा-चौदा घरं येतात. सर्वेक्षण नमुन्यावर चालतं, त्यातून खोपटांतली आणि बांधकामांवरची कुटुंबं सहज सुटतात, म्हणून आकडा दुप्पट धरा. तरी पंचायतीमागे तीस घरं भरत नाहीत. तीस घरं शोधायला पोर्टल लागत नाही. अंगणवाडी सेविका, वॉर्डाचा पंच आणि रेशन दुकानदार यांना एका टेबलाशी बसवलं तर दुपारच्या जेवणाआधी यादी तयार होते.

असं असूनही आपली सगळी व्यवस्था अर्जाची वाट पाहत बसते. सर्वात गरीब माणूस सर्वात शेवटी अर्ज करतो किंवा करतच नाही. केरळने उलट दिशेने काम केलं. २०२१-२२ मध्ये घरोघर फिरून ६४,००६ अतिगरीब कुटुंबं नक्की केली आणि प्रत्येक कुटुंबाचा वेगळा आराखडा केला. कोणाला औषधं, कोणाला घर, कोणाला शिजवलेलं जेवण, आणि कितीतरी जणांना आधी नुसतं रेशनकार्ड आणि ओळखपत्र. १ नोव्हेंबर २०२५ रोजी त्यांनी राज्य अतिगरिबीमुक्त झाल्याचं जाहीर केलं. त्या घोषणेवर अर्थतज्ज्ञांनी बोट ठेवलं, आणि ते ठेवायलाच हवं. पण घर शोधत जाण्याची पद्धत तरी आपण उचलू शकतो. गोव्याला तर त्यांच्या वीस-पंचवीस हिश्शांतलं एकच काम आहे.

आता तक्रारी.

पहिली तक्रार कागदांची. पंधरा वर्षांच्या रहिवासाची अट दोन्ही योजनांना आहे. अट असू द्या. पण पंधरा वर्षं सिद्ध कशी करायची? घरपट्टीची पावती, वीजबिल, मतदार यादीतलं नाव, मुलांचे शाळेचे दाखले. यातला पहिला कागद मिळायला घराला पंचायतीचा नंबर लागतो. घर भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत असेल तर भाटकाराचा ना हरकत दाखला, कोमुनिदादीच्या, म्हणजे जुन्या गावसंस्थेच्या, जमिनीत असेल तर ते नियमित होईपर्यंत बेकायदा, अभयारण्याच्या हद्दीत असेल तर वनखात्याचा आक्षेप. मुंडकारांना, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांना, संरक्षण देणारा कायदा १९७५ चा, पण मुंडकार म्हणून नोंद न झालेली घरं अजून आहेत. रानातल्या धनगरवाड्या किंवा वानरमारे या भटक्या जमातीची खोपटं यांचा तर विचारच नको. नंबर नाही म्हणून घरपट्टी नाही, घरपट्टी नाही म्हणून पावती नाही, पावती नाही म्हणून दाखला नाही. भाड्याच्या खोल्या बदलत वीस वर्षं काढलेल्या कामगाराची तीच गत. घरमालक कर चुकवायला भाडेपट्टा करत नाही, आणि शिक्षा भाडेकरूला होते.

यावर उपाय आहे आणि तो कायद्यात बसतो. तलाठ्याने जागेवर जाऊन पंचनामा करावा, शेजारच्या दोन घरांचे जबाब घ्यावेत, मुलांच्या शाळेचं हजेरीपुस्तक आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातली लसीकरणाची नोंद पाहावी. या दोन नोंदी सरकारच्याच दप्तरात असतात आणि खोट्या करायला अवघड. त्यांवरून मामलेदारांनी दाखला द्यावा. तो फक्त योजनेपुरता असावा, त्यातून जमिनीचा हक्क सिद्ध होत नाही असं त्यावरच छापावं, म्हणजे भाटकारही अडवणार नाहीत आणि वनखातंही.

लग्नाच्या दाखल्याची अडचण त्याहून खोल आहे, आणि ती गोव्याबाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. आपल्याकडे पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्याप्रमाणे लग्नाची नोंद दोन टप्प्यांत होते. आधी दोघं नागरी निबंधकापुढे जाऊन इरादा जाहीर करतात, ती पहिली सही. हरकतींची मुदत उलटली की पुन्हा जाऊन दुसरी सही करायची, आणि लग्न पुस्तकात चढतं ते तेव्हा. पहिली सही झाली, मिळालेला कागद ट्रंकेत ठेवला, देवळात लग्न लागलं, संसार सुरू झाला, आणि दुसरी सही राहूनच गेली, अशी जोडपी आहेत. यातून काय होतं? नवरा जिवंत असताना ती बाई कागदावर विवाहित नसते, म्हणून गृह आधार नाही. नवरा गेला की ती कागदावर विधवाही नसते, म्हणून दयानंद योजनेच्या विधवा गटात बसत नाही. नवरा हयात असेल तर नोंदणी अजूनही पुरी करून घेता येते, त्यासाठी तालुक्याला शिबिरं लावा. नवरा गेला असेल तर प्रश्न कोर्टाचा, आणि तिथे कायदा सेवा प्राधिकरणाचा वकील खात्याने मिळवून द्यावा. ‘कोर्टाचा आदेश आणा’ एवढंच सांगून बाईला परत पाठवणं याला सेवा म्हणत नाहीत.

तिसरा कागदी घोळ नावांचा. जुन्या जन्मनोंदी पोर्तुगीज वळणाच्या स्पेलिंगात आहेत. तिथला शांताराम ‘एक्स’ने सुरू होतो आणि आधारवरचा ‘एस-एच’ने. वासुदेवमध्ये तिथे दोन ‘एस’ असतात. एकाच घरातले गावकर तीन तऱ्हांनी लिहिलेले सापडतात. माणूस वाचतो तेव्हा त्याला कळतं की हा एकच इसम, संगणकाला कळत नाही. मग नोटरीकडे प्रतिज्ञापत्र, त्याचे पैसे, पुन्हा एक खेप, आणि पुढच्या योजनेला पुन्हा तेच. एकदा केलेलं ‘एकच व्यक्ती’ असल्याचं प्रतिज्ञापत्र सर्व खात्यांनी कायमचं मान्य करावं आणि ते मामलेदार कचेरीत फुकट करून मिळावं. एवढ्या साध्या गोष्टीला पत्र लिहावं लागतं हेच नवल.

दुसरी तक्रार बँकेची, आणि इथे थोडं सविस्तर लिहायला हवं. कारण ‘आम्ही पैसे पाठवले’ आणि ‘आम्हांला मिळाले नाहीत’ ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असतात.

गरोदर बायकांसाठीच्या मातृवंदनेसारख्या केंद्राच्या योजनांचे पैसे खातेक्रमांकावर जात नाहीत, आधार क्रमांकावर जातात. राष्ट्रीय पेमेंट महामंडळाकडे एक नोंदवही असते, तिला मॅपर म्हणतात. कोणत्या आधारचे पैसे कोणत्या बँकेकडे वळवायचे ते तिच्यात लिहिलेलं असतं. एका आधारासमोर एकच बँक. खात्याला आधार ‘जोडणं’ वेगळं आणि या नोंदवहीत ‘सीडिंग’ होणं वेगळं. केवायसीला आधारची झेरॉक्स दिली म्हणजे सीडिंग झालं असं नाही. त्यासाठी वेगळा संमतीचा फॉर्म असतो, त्यात सरकारी अनुदान याच खात्यात हवं या रकान्यावर खूण करायची आणि आधी दुसऱ्या बँकेत सीडिंग असेल तर त्या बँकेचं नाव लिहायचं. हा रकाना रिकामा राहिला की फॉर्म पडून राहतो.

याची दुसरी बाजू अशी की शेवटचं सीडिंग जिथे झालं तिथेच पैसे जातात. सिमकार्ड घेताना किंवा बाजारातल्या स्टॉलवर अंगठा दिला, एखादं पेमेंट बँकेचं खातं उघडलं गेलं, आणि पुढचे सगळे हप्ते तिकडे. बाई सहकारी बँकेच्या पासबुकावर एंट्री मारून घेते, कोरं पान येतं, आणि ती समजते सरकारने पैसे बंद केले. मोबाइलवरून *९९*९९*१# लावून आधार क्रमांक टाकला तर कोणत्या बँकेत सीडिंग आहे ते फुकट कळतं, आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरही दिसतं. ही एक ओळ आपण मंजुरीपत्राच्या पाठीवर छापली असती तर किती रांगा कमी झाल्या असत्या! राज्याच्या योजनाही पुऱ्या आधारमार्गे न्यायच्या असतील तर आधी हे करा, मग बदल करा.

मग निष्क्रिय खात्यांचा प्रश्न. दोन वर्षं खातेदाराने स्वतः व्यवहार केला नाही तर बँक खातं निष्क्रिय करते. पण सरकारी योजनांसाठी उघडलेल्या शून्य शिलकीच्या खात्यांना हे लावू नये असं रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२४ च्या परिपत्रकात सांगितलं आहे, अंमल १ एप्रिल २०२४ पासून. शाखेतल्या काउंटरवर हे माहीत नसतं किंवा माहीत असून सांगितलं जात नाही. राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत आपले अधिकारी बसतात. तिथे हा मुद्दा कार्यसूचीवर घ्यायला काय अडचण आहे?

सर्वात वाईट मात्र कपात. घरातल्या बाईने फायनान्स कंपनीचं छोटं कर्ज घेतलेलं असतं आणि हप्ता खात्यातून आपोआप कापण्याचा आदेश दिलेला असतो. खात्यात पैसे नसले की आदेश परत जातो, दर वेळी बँक दंड लावते आणि वर जीएसटी. हा दंड खात्यावर साठत राहतो. गृह आधारचे दीड हजार जमा झाले की आधी तो वळता होतो, आणि बाईच्या हाती तीनशे-चारशे येतात किंवा काहीच येत नाही. सरकारच्या यादीत मात्र पूर्ण रक्कम ‘यशस्वी’. साध्या बचत खात्याचं मूलभूत बचत खात्यात रूपांतर अर्ज देऊन करता येतं, त्यात किमान शिल्लक ठेवावी लागत नाही. पण कर्जहप्त्याच्या दंडाला त्याने आळा बसत नाही. यासाठी योजनेचा पैसा आणि कर्जाचा हप्ता वेगवेगळ्या खात्यांत ठेवा हा सल्ला आम्ही देतो. खरं तर योजनेच्या रकमेतून वसुली करणार नाही असं बँकांकडून लिहून घेणं हे आपलं काम.

अंगठ्याचंही सांगायला हवं. काजूबिया फोडणाऱ्या बायकांच्या बोटांच्या रेषा टरफलाच्या तेलाने झिजलेल्या असतात, कातडी सोलवटलेली असते. मशीनवर अंगठा पुन्हा पुन्हा लागत नाही. ओटीपी मागितला तर मोबाइल म्हापशाला कामाला असलेल्या मुलाकडे, आणि नेत्रावळी-खोतिगावच्या आतल्या वाड्यांवर रेंज शोधायला टेकडीवर चढावं लागतं. बुबुळ किंवा चेहरा ओळखण्याची सोय आहे, पण तिची उपकरणं तालुक्याच्या गावी. पैसा ज्यांना हवा ते डोंगरात, मशीन बाजारात.

पैसे परत आले की खात्याला बँकेकडून परतीची यादी मिळते, कारणासकट: आधार सीड नाही, खातं बंद, खातं निष्क्रिय. म्हणजे अडचण काय आहे ते सरकारला त्याच दिवशी कळलेलं असतं. लाभार्थ्याला ते कधीच कळत नाही. ही यादी सात दिवसांत पंचायत सचिवाकडे पाठवा. आमच्या मते या पत्रातली सर्वात स्वस्त आणि सर्वात उपयोगी मागणी हीच.

तिसरी तक्रार वेळेची. गृह आधार २०१२ मध्ये महिना १,००० रुपयांवर सुरू झाली, महागाईची झळ कमी व्हावी म्हणून. नंतर १,५०० झाली आणि तिथेच थांबली. दयानंद योजनेचे ज्येष्ठांना २,०००. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसांसाठी केंद्राचा वाटा २००७ पासून २०० रुपयेच आहे, त्यावर काय बोलणार. पण रक्कम कमी यापेक्षा ती कधी येईल हे माहीत नसणं अधिक जाचतं. तीन-चार महिने काही नाही, मग चतुर्थीच्या तोंडावर एकदम थकबाकी, आणि वर्तमानपत्रात सणाची भेट दिल्यासारखी बातमी. ते बाईचेच पैसे असतात, उशिरा दिलेले. महिन्याच्या ठरल्या तारखेला पैसे येतात अशी खात्री असली तर दुकानदार तांदूळ-तेल उधार देतो. खात्री नसली तर तोच माल चढ्या भावाने घ्यावा लागतो किंवा सावकाराकडे जावं लागतं. आकड्यात रक्कम तीच, पण उशिरा आली की तिची किंमत घटते.

त्यातून विधवांचा खंड वेगळाच. नवरा गेला की गृह आधार बंद पडू शकतो आणि दयानंद योजनेचा अर्ज नव्याने करावा लागतो. मधल्या महिन्यांत, म्हणजे नेमक्या ज्या महिन्यांत घराची कमाई बुडालेली असते तेव्हा, दोन्हींपैकी काहीच नसण्याची वेळ येते. धाकटं मूल २१ वर्षांचं होईपर्यंत विधवेला दोन्ही योजनांचे मिळून ४,००० रुपये देण्याची घोषणा आपल्या सरकारने केली, ती चांगली आहे. पण तिथवर पोचायचा रस्ता तोच राहिला. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करावीच लागते. त्या नोंदीच्या वेळीच पंचायतीत बाईचा अर्ज भरून घ्या, आणि कमावत्या माणसाच्या मृत्यूनंतर दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला मिळणाऱ्या २०,००० रुपयांच्या केंद्रीय मदतीचाही अर्ज त्याच टेबलावर भरून घ्या. मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती तेव्हाच काढलेल्या असतात. दुसरं काय लागतं?

चौथा मुद्दा अटींचा. पैसा फुकट देऊ नका, मुलं शाळेत पाठवा, तपासणीला या, मगच द्या, असा सूर हल्ली सगळीकडे आहे. महाराष्ट्रात लाडकी बहीण आल्यापासून तो आणखी वाढला. आम्ही अटींच्या सरसकट विरोधात नाही. मातृवंदनेत गरोदरपणाची नोंद आणि एक तपासणी झाली की ३,०००, बाळाची जन्मनोंद आणि लसींची पहिली फेरी पुरी झाली की २,०००. दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,०००. यातल्या अटी बाळाच्या भल्याच्या आहेत आणि त्या पाळल्या गेल्याचा पुरावा माता-बाल कार्डावर आपोआप असतो. पण पहिलं गरोदरपण ठरलेल्या किमान वयाच्या आत आलेली मुलगी यातून बाहेर, तिसरं बाळ असलेली बाई बाहेर. म्हणजे कुपोषणाचा धोका जिथे सर्वात जास्त तिथे मदत नाही. बाळाने चूक केली नव्हती.

शाळेच्या हजेरीची अट घालायची असेल तर आधी स्वतःची हजेरी तपासा. पटसंख्या कमी म्हणून सरकारी मराठी-कोकणी प्राथमिक शाळा बंद होतात, दुसऱ्या शाळेत विलीन होतात. बालरथ ही शाळेची बस अनुदानित शाळांना, सरकारी प्राथमिक शाळेच्या पोराला पायी चालणं. पावसाळ्यात ओहळाला पाणी आलं की वाड्यावरचं मूल घरीच राहतं, आणि जून ते सप्टेंबर हा शाळेच्या वर्षाचा मोठा तुकडा. अशा मुलाच्या आईचे पैसे ७५ टक्के हजेरी भरली नाही म्हणून कापायचे? अट घालणाऱ्याने रस्ता, गाडी आणि मास्तर पुरवले नसतील तर अट मोडली ती कोणी?

ब्राझीलची गरीब कुटुंबांना पैसे देणारी बोल्सा फामिलिया योजना २००३ मध्ये सुरू झाली आणि अटींच्या योजनांमध्ये ती सर्वात मोठ्यांपैकी एक. तिथेही हजेरी मोजतात, २०२३ च्या नव्या रचनेत चार-पाच वर्षांच्या मुलांना ६० टक्के आणि पुढच्यांना ७५ टक्के. पण हजेरी घसरली म्हणून लगेच पैसे तुटत नाहीत. आधी नुसती सूचना, मग हप्ता रोखणं, मग स्थगिती, आणि रद्द करणं सर्वात शेवटी. मधल्या काळात समाजसेवकाने कुटुंबाकडे जाऊन अडचण काय ते पाहायचं असतं. तिथे हजेरीचा आकडा घसरणं म्हणजे घराला मदत हवी असल्याची खूण मानतात. आपल्याकडे पहिलीच पायरी ‘स्टॉप पेमेंट’. मलावीत शाळकरी मुलींवर झालेल्या प्रयोगातही एक गोष्ट दिसली: अट घातलेल्या गटात शाळेतली हजेरी अधिक सुधारली, पण बिनशर्त पैसे मिळालेल्या गटात लहान वयातली लग्नं आणि गरोदरपणं अधिक कमी झाली, कारण शाळा सुटलेल्या मुलींनाही पैसे मिळत राहिले. अट कडक असली की जी मुलगी सर्वात आधी हातातून सुटते तिलाच आपण सोडून देतो.

गोव्याच्या मुलींसाठीच्या लाडली लक्ष्मी योजनेबद्दल एकच वाक्य. लग्नाच्या खर्चावर डोळा ठेवून दिलेला एक लाख लग्नातच जातो; हरयाणाने १९९४ मध्ये अठराव्या वर्षापर्यंत अविवाहित राहण्याच्या अटीवर मुलींच्या नावे रोखे ठेवले, त्यातूनही लग्नाचं वय फारसं पुढे गेल्याचं दिसलं नाही, पैसा मात्र बऱ्याच घरांत लग्नालाच लागला. आपल्याकडच्या एक लाखातला काही भाग बारावीनंतरच्या फीसाठी सहज काढता यावा, एवढं करा.

मंजुरीपत्रं आमदारांच्या हस्ते वाटण्याच्या समारंभांविषयी आम्ही मुद्दाम फार लिहीत नाही. पत्र समारंभासाठी राखून ठेवलं जातं, तेवढे दिवस पैसा थांबतो, आणि बाईला वाटतं पैसे आमदाराने दिले. पुढची पडताळणी आली की ती आमदाराच्याच दारात जाऊन उभी राहते. हे आपल्याला कळत नाही असं नाही.

आता मागण्या, एकत्र.

कोणाचाही हप्ता थांबवण्याआधी लेखी नोटीस द्या, मराठीत किंवा कोकणीत, कारण लिहून, तीस दिवसांची मुदत देऊन. मुदत संपली तरी उत्तर आलं नाही तर घरी माणूस पाठवा. त्या भेटीचा अहवाल फायलीत नसेल तर पैसे थांबवण्याचा आदेश निघूच नये.

दर पंचायतीत अतिगरीब घरांची यादी करा, ती ग्रामसभेत वाचून दाखवा, सुटलेली नावं तिथेच घाला. २०२० पासून स्वयंपूर्ण गोवा उपक्रमात प्रत्येक पंचायतीला एक अधिकारी ‘स्वयंपूर्ण मित्र’ म्हणून नेमलेला आहे. या तीस घरांचे कागद पुरे करणं हे त्याचं पहिलं काम ठरवा आणि त्याचा आढावा घ्या. हे काम अंगणवाडी सेविकेच्या गळ्यात मारू नका. पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपवर नोंदी आणि आहार देताना चेहऱ्याचे फोटो यातच तिचा दिवस जातो.

या घरांना पंधरा वर्षांच्या दाखल्याऐवजी पंचनाम्यावर आधारलेला दाखला चालावा. दुसऱ्या सहीची शिबिरं तालुकावार लावा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा हयातीचा दाखला पंचायत सचिवाने घरी जाऊन घ्यावा, खुर्चीत घालून कचेरीत आणायला लावू नये.

हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला जमा व्हावा. उशीर झाला तर किती दिवस आणि का, ते खात्याच्या संकेतस्थळावर तालुकावार लिहावं. परतीच्या यादीचं वर सांगितलंच आहे.

गोव्यात ठरल्या वेळेत सेवा मिळण्याच्या हक्काचा कायदा २०१३ चा आहे. या दोन योजनांची मंजुरी, नकार आणि हप्ता पुन्हा सुरू करणं या तिन्ही गोष्टी दिवसांच्या मुदतीसह त्याखाली आणा, म्हणजे अपील करायला जागा राहील.

आणि शाळा-आरोग्याची कोणतीही नवी अट घालायची झाली तर त्या वाड्यापासून शाळा आणि उपकेंद्र किती अंतरावर आहे, गाडी कोणती, ती पावसाळ्यात चालते का, याचा तक्ता आदेशाला जोडल्याशिवाय तो काढू नये.

या मागण्यांवर होय किंवा नाही असं मुद्देनिहाय लेखी उत्तर साठ दिवसांत मिळावं. नाही असेल तर कारण लिहावं, आम्ही त्यावर पुन्हा लिहू. उत्तराची एक प्रत पंचायतींच्या सूचनाफलकांवर लावावी. ज्यांच्याविषयी हे पत्र आहे त्यांच्यातले बरेच जण वेबसाइट पाहत नाहीत.

आपले विश्वासू,
वाड्यांवर अर्ज भरून देणारे आम्ही, गोवा